दुर्बिणीची ‘पॉवर’ आणि आयपीस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीजवळ उभं राहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ही किती पॉवरची आहे?” त्यामागोमाग बाकीचे येतात. गेली अनेक वर्षं गच्चीवर, शाळांच्या मैदानांत आणि गावाबाहेरच्या माळांवर जे प्रश्न मला विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांसाठी सगळीकडे एकच दुर्बीण धरली आहे, माझी नेहमीची ६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण). तिच्या आरशाचा व्यास १५० मिलिमीटर, फोकल लेंथ १२०० मिलिमीटर. तुमची दुर्बीण वेगळी असेल तर आकडे बदलून घ्या. हिशेब तोच राहतो.

दुर्बीण किती पॉवरची आहे हे कसं ओळखायचं?

दुर्बिणीला स्वतःची अशी एक पॉवर नसते. आयपीस, म्हणजे ज्याला डोळा लावतो ती भिंगांची छोटी नळी, बदललं की पॉवर बदलते. आरशाची (किंवा पुढच्या भिंगाची) फोकल लेंथ भागिले आयपीसची फोकल लेंथ, इतकंच गणित आहे. शाळेच्या पुस्तकात फोकल लेंथला नाभीय अंतर आणि पॉवरला विशालन म्हटलेलं असतं. आयपीसवर ‘२५ मिमी’ लिहिलं असेल तर १२०० ÷ २५ = ४८ पट. ‘१० मिमी’ असेल तर १२० पट. ‘६ मिमी’ असेल तर २०० पट. आयपीसवरचा आकडा जितका लहान, तितकी पॉवर जास्त. नव्या माणसाचा गोंधळ इथेच होतो, म्हणून हे एकदा मोठ्याने म्हणून ठेवा.

दुर्बिणीचं खरं माप म्हणजे आरशाचा व्यास. अंधारात पूर्ण उघडलेली डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरची असते. १५० मिलिमीटरचा आरसा तिच्यापेक्षा सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. तो प्रकाश किती पसरायचा, एवढंच आयपीस ठरवतं. दोन चमचे तुपात एक भाकरी चोपडायची की दहा, असा तो प्रश्न आहे. तूप वाढत नाही.

खोक्यावर ‘५२५ पट’ लिहिलं आहे. हे खोटं आहे का?

गणित खरं असतं, उपयोग शून्य असतो. अशा दुर्बिणीचं पुढचं भिंग बहुधा ६० मिलिमीटरचं आणि फोकल लेंथ ७०० मिलिमीटर असते. सोबत ४ मिलिमीटरचं आयपीस आणि ३ पट बार्लो (पॉवर वाढवणारं जादा भिंग) दिलेलं असतं. ७०० ÷ ४ = १७५, गुणिले ३ = ५२५. ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पटींच्या पुढे दाखवण्यासारखं काही उरत नाही. ५२५ पटींवर चंद्रसुद्धा राखाडी, हलणारा डाग होतो.

माझी पहिली दुर्बीण अशीच होती. सोबतचं ४ मिलिमीटरचं आयपीस हे सगळ्यात भारी, म्हणून मी तेच लावून बसायचो, आणि काही दिसत नाही म्हणून दोन महिने स्वतःच्या डोळ्यांना दोष देत राहिलो. एका ज्येष्ठ निरीक्षकांनी ते काढून २० मिलिमीटरचं लावलं. त्याच दुर्बिणीतून, त्याच रात्री, गुरूचे चार चंद्र एका ओळीत दिसले. खोक्यावरच्या आकड्यामुळे किती मुलं पहिल्याच आठवड्यात आकाशाला पाठ फिरवत असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

मग जास्तीत जास्त किती पॉवर वापरता येते?

ढोबळ नियम: आरशाचा किंवा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा. ६० मिमीला १२०, ७० मिमीला १४०, १५० मिमीला ३०० पट.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आकाशातलं अंतर आपण अंशात मोजतो. एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे प्रत्येक दुर्बिणीच्या बारकावा दाखवण्याला मर्यादा असते, आणि ती व्यासावर अवलंबून असते. ११६ ला व्यासाने (मिलिमीटरमध्ये) भागलं की ती मर्यादा विकलांत मिळते. १५० मिमीसाठी ती सुमारे ०.७७ विकला. आपल्या डोळ्याला साधारण एक-दोन कलांचा बारकावा आरामात कळतो. १५० पटींवर तो ०.७७ विकलांचा बारकावा जवळजवळ दोन कलांएवढा होतो, म्हणजे दुर्बिणीत जे काही आहे ते बहुतेक सगळं डोळ्यापर्यंत पोचलेलं असतं. तिथून ३०० पर्यंत जाणं हे फक्त डोळ्याच्या सोयीसाठी. त्याच्या पुढे वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरल्यासारखं होतं: ठिपके मोठे होतात, चेहरा जास्त ओळखू येत नाही.

माझी दुर्बीण २०० पटींवर कधी कधी छान दाखवते, कधी सगळं पाण्याखाली असल्यासारखं. असं का?

हवा. वरच्या आणि खालच्या थरांतली गरम-गार हवा एकमेकांत मिसळत असते आणि प्रत्येक थर प्रकाशाला किंचित वाकवतो. पॉवर वाढवली की हा थरथराटही तितकाच मोठा होतो. हवा अस्थिर असलेल्या रात्री माझं ६ मिमीचं आयपीस पेटीतच राहतं. तेव्हा ८० पटींवरचा नितळ गुरू २०० पटींवरच्या लडबडत्या गुरूपेक्षा जास्त पट्टे दाखवतो.

आधी नुसत्या डोळ्यांनी वर बघा. डोक्यावरचे तारे जोरात लुकलुकत असतील तर आज मोठ्या पॉवरची रात्र नाही. थंडीतली किंचित धुरकट, वारा पडलेली रात्र अनेकदा ग्रहांसाठी उत्तम निघते. धूसरपणामुळे अंधुक तेजोमेघ मरतात, पण हवा स्थिर असते. उलट जोरदार वारा सुटून आकाश काचेसारखं स्वच्छ झालेल्या रात्री तारे भरपूर दिसतात आणि ग्रह मात्र उकळत असतो.

शहरात आणखी एक घरगुती कारण असतं. दिवसभर तापलेली स्लॅबची गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. शेजारच्या पत्र्याच्या छपरावरून बघत असाल तर त्याहून वाईट. माती किंवा गवत असलेली जागा मिळाली तर तिथे दुर्बीण लावा. नाहीतर संध्याकाळी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारून ठेवा, आणि ग्रह डोक्यावर येईपर्यंत थांबा.

या थांबण्यात महाराष्ट्राचा मोठा फायदा आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. ग्रह नेहमी क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वर्षभराच्या वाटेच्या, आसपास असतात. पुण्यासारख्या साडेअठरा अक्षांशावरच्या ठिकाणाहून क्रांतिवृत्ताचा सगळ्यात खालचा भागसुद्धा मध्यावर येतो तेव्हा क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. लंडनहून तोच भाग जेमतेम १५ अंशांवर येतो. ग्रह जितका वर, तितकी त्याच्या वाटेत हवा कमी. त्यामुळे युरोपातल्या पुस्तकात “१५० पटींच्या वर सहसा जाऊ नका” असं वाचलंत, तर आपल्याकडे चांगल्या रात्री बिनधास्त पुढे जाऊन बघा.

कमी पॉवरला मर्यादा असते का?

असते, पण ती नडत नाही. आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत बाहुलीपेक्षा जाड झाला तर उरलेला प्रकाश डोळ्याबाहेर सांडतो. झोताची जाडी म्हणजे व्यास भागिले पॉवर. १५० ÷ ४८ म्हणजे सुमारे ३ मिमी. १५० ÷ २०० म्हणजे पाऊण मिमी. पाऊण मिमीच्या झोतात तुमच्याच डोळ्यातले तरंगणारे कण दिसायला लागतात, म्हणून खूप मोठ्या पॉवरवर डोळा थकतो.

हाच आकडा प्रतिमा किती उजळ दिसेल हेही सांगतो. पॉवर दुप्पट केली की पसरट गोष्टीचा उजेड एक चतुर्थांश होतो. चंद्र आणि गुरूकडे उजेड भरपूर असतो, तेजोमेघांकडे नसतो.

कोणत्या गोष्टीसाठी कोणतं आयपीस?

चंद्रासाठी आधी २५ मिमी. ४८ पटींवर तो पूर्ण मावतो आणि भोवती काळं आकाश उरतं. मग १० मिमी लावून उजेड-अंधाराच्या सीमेवर फिरा. हे शुद्ध सप्तमीपासून दशमीपर्यंत करा. पौर्णिमेला सूर्य समोरून पडतो, सावल्या नसतात, विवरं सपाट होतात. अष्टमी-नवमीच्या सुमाराला कोपर्निकस हे ९३ किलोमीटरचं विवर सावलीतून वर यायला लागतं, तेव्हा त्याच्या पायऱ्यांसारख्या आतल्या भिंती १२० पटींवर दिसतात. त्या रात्री मी दुसरं काही बघत नाही.

गुरूसाठी ४८ पटींवर चार चंद्र, ८० पटींवर दोन मुख्य पट्टे, १२० ते १६० पटींवर पट्ट्यांच्या कडांवरचे खळगे आणि समोर असेल तर लाल डाग. गुरूचे रंग फिके असतात, त्यामुळे उगाच २४० पटींवर नेऊन त्याला धुऊन काढू नका. शनीला जास्त पॉवर सोसते. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याकडे कड करून उभी होती, नुसती रेघ. आता ती हळूहळू पुन्हा उघडत चालली आहेत. मंगळ हा सगळ्यांत हट्टी. २०२७ च्या फेब्रुवारीत तो प्रतियुतीत (आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला) येईल तेव्हाही जेमतेम १४ विकलांचा असेल. त्याला २०० पट आणि शांत हवा दोन्ही लागतात.

कृत्तिकांसाठी तुमच्याकडचं सगळ्यात कमी पॉवरचं आयपीस. तिचे ठळक तारे सुमारे एका अंशात मावतात, पण भोवती मोकळं आकाश असेल तरच तो गुच्छ वाटतो. १२० पटींवर कृत्तिका म्हणजे पाच-सहा सुटे तारे. देवयानीतली दीर्घिका तीन अंशांहून लांब पसरलेली आहे. तिचा फक्त मधला भाग बघायचा आहे हे मान्य करून ३२ मिमी लावा.

आता उलटं उदाहरण. अंधुक गोष्टींना नेहमी कमीच पॉवर, असा समज पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. स्वरमंडळातला कंकणाकृती तेजोमेघ ४८ पटींवर किंचित फुगलेल्या ताऱ्यासारखा दिसतो आणि लोक त्याच्यावरून पुढे निघून जातात. १२० पटींवर तो धुराचं कडं होतो. तारकागुच्छांचंही तसंच. नरतुरंगातला ओमेगा हा गोलाकार गुच्छ पुण्याहून मध्यावर सुमारे २४ अंशांपर्यंत येतो, लंडनहून तो कधीच उगवत नाही. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेकडे क्षितिज मोकळं असलेली जागा गाठा. ४८ पटींवर तो मोठा धूसर गोळा, १२० पटींवर त्यात साखरेचे कण वेगळे व्हायला लागतात.

एवढी पॉवर लावूनही गुरू एवढासाच का दिसतो?

हे ऐकून मला नेहमी एक प्रयोग करावासा वाटतो. गुरू पृथ्वीजवळ असतो तेव्हा त्याचा व्यास सुमारे ४५ विकला असतो. ४८ पटींवर तो ३६ कलांचा होतो. आकाशातला पूर्णचंद्र नुसत्या डोळ्यांना दिसतो सुमारे ३१ कलांचा. म्हणजे साध्या २५ मिमीच्या आयपीसमध्ये गुरू तुमच्या डोळ्यात पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा मोठा असतो! चंद्र आकाशात असेल तर एक डोळा आयपीसला लावा, दुसऱ्याने चंद्र बघा. आकार जुळतात.

तो लहान वाटतो कारण भोवती ५० अंशांचं काळं वर्तुळ असतं आणि तुलनेला काही नसतं. शिवाय रंगीत छायाचित्रं बघून आपण आलेलो असतो. डोळ्याला वेळ द्या. पहिल्या मिनिटात एक पट्टा, पाचव्या मिनिटात चार. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र शोधले ते सुमारे २० पटींवर. हायगेन्सने १६५५ मध्ये शनीचा टायटन शोधला ते सुमारे ५० पटींवर. दोघांच्या भिंगांपेक्षा तुमचा आरसा कितीतरी चांगला आहे.

आयपीसवर ‘५२ अंश’, ‘६८ अंश’ असं लिहिलेलं असतं. ते काय?

डोळा लावल्यावर दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी. तिला पॉवरने भागलं की आकाशाचा किती तुकडा दिसतो ते मिळतं. २५ मिमीचं साधं प्लॉझल ५२ अंशांचं असतं: ५२ ÷ ४८ = सुमारे १.१ अंश, म्हणजे दोन पूर्णचंद्र शेजारी शेजारी. ६८ अंशांचं २४ मिमी घेतलं तर ५० पटींवर १.३६ अंश. पॉवर जवळपास तीच, पण खिडकी मोठी. प्लॉझल ही रचना १८६० साली व्हिएन्नात जन्मली आणि अजून पैशाला सगळ्यात जास्त मोल देणारी तीच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या अल नागलर यांनी ८२ अंशांची आयपीस आणली, तेव्हापासून रुंद आयपीसची चढाओढ सुरू झाली. ती सुंदर असतात, जड असतात आणि महाग असतात.

आकाश स्थिर नसतं. आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरचा) तारा दर मिनिटाला पाव अंश सरकतो. ४८ पटींवर गुरू मधोमध ठेवला तर दोन मिनिटं हात न लावता दिसतो. २०० पटींवर साध्या आयपीसने पूर्ण वर्तुळच पाव अंशाचं असतं, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत एका मिनिटात पार. ज्या दुर्बिणीला मोटर नाही तिला रुंद आयपीसचा खरा उपयोग इथे होतो.

हे स्वतः मोजून बघा. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सर्वात आधी उगवणारा तारा जवळजवळ विषुववृत्तावर आहे. तो एका कडेला आणा, दुर्बीण सोडून द्या, दुसऱ्या कडेला नाहीसा होईपर्यंत घड्याळ लावा. वर्तुळाच्या मधून गेला पाहिजे. मिनिटांना ४ ने भागा, आकाशाचा तुकडा अंशात मिळाला. प्रत्येक आयपीसचा आकडा वहीत लिहून ठेवा. नकाशावरून तारे शोधताना तो रोज लागतो.

सव्वा इंची, दोन इंची म्हणजे काय? आणि ‘एच’, ‘एसआर’ ही अक्षरं?

पहिलं नळीच्या जाडीचं माप. बहुतेक दुर्बिणींना सव्वा इंची (३१.७ मिमी) बसतात. फार जुन्या किंवा खेळण्यातल्या दुर्बिणींना २४.५ मिमीची लागतात, ती आता मिळणं कठीण. दोन इंची नळीतून आकाशाचा जास्त मोठा तुकडा येतो. सव्वा इंचीत ३२ मिमीच्या प्लॉझलमध्येच नळीची रुंदी संपते. म्हणून ४० मिमीचं सव्वा इंची आयपीस घेऊ नका. तेवढंच आकाश लहान वर्तुळात दिसतं.

‘एच’ म्हणजे हायगेन्सची सतराव्या शतकातली दोन भिंगांची रचना, ‘एसआर’ हीही तशीच जुनी आणि साधी. स्वस्त दुर्बिणीसोबत ‘एच २०’ आणि ‘एसआर ४’ मिळतात. ‘के’ म्हणजे केल्नर, त्याहून बरं. ‘एसआर ४’ बाजूला ठेवून एक चांगलं १० मिमीचं प्लॉझल आणा. दुर्बीण बदलल्यासारखी वाटेल.

बार्लो घ्यावं का?

घ्यावं, पण आधी वहीत हिशेब करावा. बार्लो म्हणजे आयपीसच्या आधी बसवायचं अंतर्वक्र भिंग, जे पॉवर दुप्पट किंवा तिप्पट करतं. तुमच्याकडे ३२ आणि १५ मिमी असतील तर दुप्पट बार्लोने १६ आणि साडेसात मिळतील. त्यातलं १६ वाया गेलं, कारण १५ आहेच. २५ आणि १५ असतील तर साडेबारा आणि साडेसात मिळतात, म्हणजे माझ्या दुर्बिणीवर ४८, ८०, ९६ आणि १६० पट. दोन आयपीस आणि एका बार्लोत चार पॉवर. शिवाय ६ मिमीच्या प्लॉझलला डोळा अगदी काचेला टेकवावा लागतो, तो त्रास बार्लोसोबत मोठं आयपीस वापरल्याने टळतो. स्वस्त प्लॅस्टिकच्या भिंगाचं ३ पट बार्लो मात्र कुणी फुकट दिलं तरी लावू नका.

झूम आयपीस कसं?

८ ते २४ मिमीचं चांगलं झूम ग्रह आणि चंद्रासाठी सोयीचं आहे. हवा कुठपर्यंत साथ देते ते फिरवत फिरवत कळतं. उणीव ही की २४ मिमीवर, जिथे रुंद आकाश हवं असतं, तिथेच वर्तुळ अरुंद होतं, साधारण ४० अंशांच्या आसपास.

मला चष्मा आहे. काढायचा का?

फक्त जवळचं-लांबचं असेल तर काढा. फोकसची चाकी फिरवली की ते भरून निघतं. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावा लागतो, विशेषतः कमी पॉवरवर. मग आयपीस निवडताना काचेपासून डोळा किती लांब ठेवता येतो ते बघा, १५ ते २० मिमी हवं. साध्या प्लॉझलमध्ये हे अंतर फोकल लेंथच्या सुमारे सत्तर टक्के असतं. १० मिमीला ७ मिमीच्या आसपास, जे चष्म्याला पुरत नाही.

मध्येच काळी सावली येते आणि सगळं गायब होतं.

डोळा फार जवळ गेला किंवा बाजूला सरकला. किंचित मागे या, मग हळूहळू पुढे. रबरी कप असेल तर त्याला भुवई टेकवा.

चित्र उलटं का दिसतं?

भिंगांची रचनाच तशी आहे. सरळ करणारं आयपीस सोबत आलं असेल तर ते दिवसा डोंगर बघायला वापरा. आकाशात वर-खाली नसतं, आणि त्या जादा भिंगांत प्रकाश वाया जातो.

पॉवर वाढवली तरी तारा मोठा का होत नाही?

कारण सगळ्यात जवळचा ताराही चार प्रकाशवर्षांहून लांब आहे. त्याची खरी चकती कोणत्याही घरगुती दुर्बिणीच्या मर्यादेपेक्षा खूपच लहान असते. मोठ्या पॉवरवर जी बारीक चकती आणि भोवती कडी दिसतात ती ताऱ्याची नाहीत, तुमच्या दुर्बिणीत प्रकाशतरंगांनी तयार केलेली आहेत. जोडतारे सुटे करायला मात्र पॉवर हवी. मिथुनेतला कॅस्टर ४८ पटींवर जेमतेम सुटा होतो. १२० वर नेला की दोन पांढरे शुभ्र तारे, मधे केसाएवढी काळी फट.

चंद्रावरचा झेंडा दिसेल का?

दरवेळी एखादं मूल विचारतं, आणि प्रश्न उत्तम आहे. चंद्राच्या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे १.९ किलोमीटर. १५० मिमीचा आरसा दीड किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळं दाखवू शकत नाही, मग पॉवर ५०० लावा की ५०००. आयपीसने हे बदलत नाही. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या पुण्यातल्या खगोल संशोधन संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे, तिलाही काही मीटरची वस्तू चंद्रावर दिसणार नाही. झेंडा नसला तरी अपोलो ११ जिथे उतरलं ते शांततेचं मैदान २५ मिमीच्या आयपीसमधून पाच मिनिटांत ओळखता येतं. तिथे बोट ठेवल्यासारखं दाखवलं की मुलं झेंडा विसरतात.

हवा शांत आहे, तरी मोठ्या पॉवरवर फोकस होत नाही.

दोन गोष्टी तपासा. दुर्बीण घरातून नुकतीच बाहेर आणली असेल तर आरसा गरम आहे. अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या. नंतर एक ठळक तारा मधोमध घेऊन फोकस थोडा बिघडवा. वर्तुळं एकाच केंद्राभोवती दिसली पाहिजेत. एका बाजूला झुकली असतील तर आरसे हलले आहेत, सरळ करून घ्यावे लागतील. गाडीच्या डिकीतून घाटरस्त्याने नेलेल्या दुर्बिणीला हे हमखास लागतं. ४८ पटींवर हा दोष लपतो, २०० पटींवर तोच सगळं बिघडवतो.

आयपीसला लावायचा सूर्याचा फिल्टर आला आहे. वापरू का?

नाही. आजच तो फेकून द्या, कुणाला देऊही नका. आरशाने गोळा केलेली सगळी उष्णता त्या छोट्या काचेवर येते, ती तडकते आणि पुढच्या क्षणी सूर्य डोळ्यात. डोळा परत येत नाही. सूर्य बघायचा तर पूर्ण व्यासाचा, सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवून. फाइंडरचं (दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीचं) झाकण लावायला विसरू नका.

पावसाळ्यात आयपीसवर जाळी धरते. काय करायचं?

ती बुरशी आहे. मुंबई आणि कोकणात एका पावसाळ्यात चांगलं आयपीस कायमचं जाऊ शकतं, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते. जून लागायच्या आधी सगळी आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत कपाटात टाकून देऊ नका, फोम ओल धरतो. महिन्यातून एकदा पुड्या बदला किंवा वाळवा, आणि आयपीस उजेडात धरून बघा. बाहेरच्या काचेवर डाग दिसला तर लगेच साफ करून घ्या. आतल्या काचेवर असेल तर जाणकाराकडे न्या, स्वतः उघडू नका, भिंगांचा क्रम चुकला तर आयपीस गेलं. धूळ असेल तर आधी फुंकणीने उडवा. तोंडाने फुंकू नका, सदऱ्याच्या टोकाने तर कधीच पुसू नका. थोडी धूळ दिसण्यात काही फरक पाडत नाही, ओरखडे पाडतात.

सुरुवातीला नेमकं काय घ्यावं?

आधी काहीही घेऊ नका. पुण्यात १९४४ पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. त्यांच्या आकाशदर्शनाला जा आणि इतरांच्या आयपीसमधून बघा. कोणाचं वर्तुळ तुमच्या डोळ्याला आवडतं ते दुकानात कळत नाही. नंतर घ्यायचंच तर २५ च्या आसपासचं एक, १५ च्या आसपासचं एक आणि एक चांगलं दुप्पट बार्लो. वर्षभर एवढ्यावर काढा. पुढचा पैसा शक्य असेल तर रुंद, कमी पॉवरच्या आयपीसवर घाला. माझं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आयपीस ३२ मिमीचं आहे. दर रात्री प्रत्येक गोष्ट आधी त्यानेच शोधली जाते, आणि निम्म्या वेळा ते बदलावंसं वाटतच नाही.

शाळेच्या चाळीस मुलांना दाखवायचं आहे. कोणतं आयपीस लावू?

२५ मिमी, आणि ग्रह वर्तुळाच्या पूर्वेकडच्या कडेजवळ आणून ठेवा. आकाश पश्चिमेकडे सरकतं, त्यामुळे चार मिनिटांत तो मधून जाऊन दुसऱ्या कडेला पोचेल आणि तेवढ्यात सात-आठ मुलांचं बघून होईल. १० मिमी लावलंत तर दर दुसऱ्या मुलामागे तुम्हालाच वाकावं लागेल, आणि ज्या मुलाच्या पाळीला गुरू निसटला ते लाजून “दिसलं” म्हणून बाजूला होईल. म्हणून दरवेळी विचारा: “किती ठिपके दिसले? कोणत्या बाजूला?” उत्तर चुकलं तर त्याला पुन्हा बघू द्या. लहानांसाठी स्टूल ठेवा, पण ट्यूबपासून थोडं लांब, नाहीतर तोल सांभाळायला ती दुर्बीणच धरतात. आणि रांग संपल्यावर जी दोन-तीन मुलं परत मागे येऊन उभी राहतात, त्यांच्यासाठी १० मिमी खिशात तयार ठेवा.